कमळाक्का मराठी बोलत नसे

कमळाक्काला मराठी येतं, हे मला कळलं ते उतू गेलेल्या पातेल्यामुळे. शनिवारची दुपार होती. मी आठवड्यातून एकदा शिकवायला जायचे त्या बालगृहाच्या बाहेरच्या खोलीत मी मुलांना भागाकार शिकवत होते, म्हणजे मी शिकवत होते आणि मुलं पंख्यावर बसलेल्या चिमणीकडे बघत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चर्र आवाज आला आणि पाठोपाठ ओरडणं आलं, "आगं आई आई आई! भाजलं की गं!"

मी खडू टाकून आत धावले. पातेल्यातला सारू, म्हणजे इथली पातळ आमटी, शेगडीवर सांडला होता आणि अक्का हात नळाखाली धरून उभी होती. तिचा हात बघायचा सोडून मी आनंदाने विचारलं, "अय्या अक्का, तुम्ही मराठी? कुठल्या तुम्ही?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गोत्तिल्ला, मिस," म्हणाली. म्हणजे, मला माहीत नाही. मग कन्नडमध्येच तिनं मला कापूस कुठे आहे ते सांगितलं आणि मुलांचा भागाकार वाट बघतोय याचीही आठवण करून दिली.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पुण्याहून बंगळूरला येऊन मला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. सोमवार ते शुक्रवार मारतहळ्ळीच्या ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, बिल्डिंगमध्ये मोडकं कन्नड, आणि मराठी फक्त नवऱ्याशी. तेही बहुतेक गॅस संपलाय आणि वायफाय चालत नाही इतपतच. अशात एक अस्सल मराठी बाई हाताशी सापडावी आणि तिनं सरळ झटकून टाकावं! घरी येऊन मी नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तो म्हणाला, "भाजलेल्या बाईला गाव विचारलंस. मीसुद्धा तुझ्याशी कन्नडच बोललो असतो."

बालगृह म्हटलं की डोळ्यांपुढे सरकारी रंगाची इमारत येते. हे तसं नव्हतं. मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला, रुळांकडे उतरणाऱ्या गल्लीत एक जुनं दुमजली भाड्याचं घर होतं. एक लहानशी संस्था ते चालवायची. तिला ट्रस्टी होते, अहवाल होते, वर्षातून एकदा फोटो काढणं होतं. पण मुलांच्या लेखी ते 'अक्काचं घर' होतं. स्टेशनावर, बसस्टँडवर, फुलबाजाराच्या कडेला सापडलेले मुलगे बालकल्याण समितीच्या हुकमाने तिथे आणले जायचे. काही राहायचे, शाळेत जायचे. काही दोन दिवस पोटभर जेवून, नवीन चड्डी घालून भिंतीवरून पसार व्हायचे. कागदोपत्री अक्का तिथली गृहमाता होती. हा शब्द तिला आवडत नसे. "मी माता नाही, मी अक्का," असं ती साहेब लोकांना तोंडावर सांगायची.

बुटकी, रुंद हाडाची बाई. अंबाड्यात अबोलीचा आखूड गजरा, पायात फटक फटक वाजणाऱ्या चपला. त्या चपला ती मुद्दाम वाजवायची, म्हणजे ती येतेय हे मुलांना लांबून कळावं. अचानक मागून आलेल्या माणसाला ही मुलं फार घाबरतात, असं तिचं म्हणणं होतं. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी काळ्या दोऱ्यात एक नेलकटर लोंबत असे. नवीन पोर आलं की ती त्याला नाव विचारत नसे, गाव विचारत नसे, घरातून का पळालास हे तर कधीच नाही. "ऊटा आय्ता?" एवढंच विचारायची. जेवलास का? तो जेवला की त्याचे हातपाय धुऊन समोर बसायची आणि त्याची नखं कापायची. हाताची झाली की पायाची. त्यात कधीकधी अर्धा तास जायचा, कारण त्या नखांत स्टेशनचं सगळं काही असायचं. मिठी मारणं, गालावरून हात फिरवणं असलं ती काही करत नसे. नखं कापून घेताना मुलाचा हात तिच्या हातात असायचा तेवढाच.

एकदा आमच्याच ऑफिसातली एक टीम आली. सगळ्यांच्या अंगात सारखे टीशर्ट, हातात केक, फुगे, आणि फोटो काढायला एक वेगळा माणूस. अक्कानं त्यांना नीट बसवलं, पाणी दिलं. मग गळ्यातलं नेलकटर काढून त्यांच्या साहेबाच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "स्वल्प हेल्प माडी सार." थोडी मदत करा, सर. आणि त्या साहेबांनी, माझ्या वरच्या वरच्या साहेबांनी, मांडी घालून पंधरा-वीस पोरांची नखं कापली. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग हळूहळू मान खाली घालून कापायला लागले. फोटोवाला पुढे आला तर त्यांनीच त्याला हाताने लांब केलं. पुढे ते एकटेच यायला लागले, टीशर्ट न घालता. अक्का त्यांना 'नखांचे सार' म्हणायची.

ताटांचं मात्र सांगायलाच हवं, कारण सगळं त्या ताटांपाशीच येऊन थांबतं.

रस्त्यावरची मुलं खरं नाव सांगत नाहीत. सिनेमातल्या हिरोचं सांगतील, क्रिकेटवाल्याचं सांगतील, मागच्या बालगृहातल्या शत्रूचं सांगतील. अक्का सगळी नावं हसून घ्यायची आणि त्या पोराला साध्या, बिननावाच्या ताटात वाढायची. मग कधीतरी, आठवड्याने, महिन्याने, एखादा मुलगा भांडी घासता घासता किंवा ताप अंगात असताना आपलं खरं नाव सांगून टाकायचा. त्याच दिवशी अक्का त्याचा हात धरून त्याला बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात न्यायची. तिथे एक नवं स्टीलचं ताट घ्यायचं आणि दुकानदाराने त्याच्या गुरगुरणाऱ्या यंत्राने त्याच्यावर मुलाचं नाव घालायचं. आपल्याकडे लग्नात आहेराच्या भांड्यांवर घालतात तसं. मुलं त्या यंत्राकडे श्वास रोखून बघत असत. आपलं नाव पुसलं न जाणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसायचं. येताना ताट स्वतःच्या हातात धरून आणायचं, पिशवीत घालायचं नाही, असा नियम होता.

आणखी एक नियम. मुलगा आपल्या घरी परत गेला किंवा मोठा होऊन कामाला लागला, तर ताट त्याच्याबरोबर जायचं. पळून गेला तर ताट मांडणीत राहायचं. त्यामुळे पळणाऱ्या मुलांनी आपली एक खूण ठरवून टाकली होती. कायमचं जायचं असेल तर ताट चोरून न्यायचं. चार दिवस भटकून परत यायचं असेल तर ताट ठेवून जायचं. अक्काला हे ठाऊक होतं. सकाळी एखादं अंथरूण रिकामं दिसलं की ती आधी मांडणीकडे जायची. ताट असेल तर म्हणायची, "बरतान बिडी." येईल, सोडा.

त्या मांडणीत सगळ्यात वरच्या फळीवर एक ताट वेगळं होतं. बाकीच्या ताटांवर नावं कन्नड अक्षरांत. ह्याच्यावर देवनागरीत, जरा वाकड्या वळणाने लिहिलेलं, 'मारुती'. रोज सकाळी ते घासलं जायचं आणि परत वर ठेवलं जायचं. त्यात जेवताना मी कुणाला पाहिलं नाही. एकदा वाढायला ताटं कमी पडली म्हणून मी ते काढलं. अक्कानं माझ्या हातातून ते घेतलं, पदराने पुसलं आणि जागेवर ठेवलं. मला तिनं तिचं स्वतःचं ताट दिलं आणि ती त्या दिवशी वाटीत जेवली.

मला ह्या ताटाची गोष्ट लोकेशनं सांगितली. लोकेश त्याच घरात वाढलेला. आता त्याची स्वतःची ऑटो आहे, बायको आहे, येलहंकाला दोन खोल्या आहेत आणि त्यातल्या एकीत त्याच्या नावाचं ताट आहे. पावसात मी अडकले की तो मला घरी सोडायचा आणि मीटर टाकायचा नाही. मल्लेश्वरमच्या सिग्नलला उभे असताना मी सहज विचारलं, अक्का मराठी असून मराठी का बोलत नाहीत? त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. सिग्नल सुटला तरी तो निघाला नाही. मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हा त्यानं ऑटो कडेला घेतली आणि निम्मं कन्नडमध्ये, निम्मं हिंदीत सांगायला लागला.

तो आठ-नऊ वर्षांचा असताना मारुती आला. साधारण त्याच्याच वयाचा, पोटरीवर भाजल्याचा मोठा डाग असलेला, आणि कुणाशीच न बोलणारा. त्याला कन्नड येत नव्हतं. पण रात्री झोपेत तो बडबडायचा, आणि ते ऐकून अक्का उठून त्याच्याजवळ बसायची, कारण ती बडबड तिच्या माहेरच्या बोलीतली होती. अक्का निपाणीजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन बंगळूरला आली, नवरा गिरणीत होता तो गेला, आणि त्यानंतर तिच्याशी मराठी बोलायला कुणी उरलंच नव्हतं. मारुती आला आणि ह्या दोघांचं सुरू झालं. लोकेश म्हणाला, आम्हाला फार हेवा वाटायचा. अक्का सगळ्यांची होती, पण त्या भाषेतली अक्का फक्त मारुतीची होती. ती त्याला गोष्टी सांगायची, तो तिला कोडी घालायचा, दोघं हसायची आणि आम्हाला काही कळायचं नाही. त्यानं नाव सांगितलं तेव्हा अक्कानं दुकानदाराला कागदावर आपल्या अक्षरात लिहून दिलं, आणि त्यानं चित्र काढल्यासारखं ते ताटावर उतरवलं.

वर्षभराने त्याचा मामा आला. पांढरी टोपी, हातात पेरूंची पिशवी. कोल्हापूरकडची मराठी बोलणारा, गोड माणूस. आल्या आल्या अक्काच्या पाया पडला. "आक्काताई, तुमी आमचं पोर सांभाळलासा, तुमचं उपकार कुटं फेडू?" म्हणाला. त्याला कन्नड अजिबात येत नव्हतं, हिंदीत वाट विचारत आला होता. त्याच्याकडे दाखले होते, ग्रामपंचायतीचा शिक्का होता. अक्कानं त्याला झुणका करून वाढला आणि माहेरचं माणूस आल्यासारखी त्याच्याशी दोन तास बोलत बसली. समितीपुढे मराठी समजणारी ती एकटीच. तिनं सांगितलं, मी बोललेय ह्यांच्याशी, आमच्याच भागातले आहेत, चांगले लोक आहेत. अक्काच्या शब्दाला तिथे वजन होतं.

न्यायच्या दिवशी मारुती दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बेड अक्का. नानु होगल्ला." नको अक्का, मी जाणार नाही. कन्नडमध्ये.

"मी जिन्यावर होतो," लोकेश म्हणाला. "मला नवल वाटलं. अक्काशी तो कन्नड कधी बोलायचाच नाही."

अक्कालाही नवल वाटलं, आणि थोडा रागही आला. पाहुण्यासमोर पोरगं परक्या भाषेत बोलतंय! ती त्याला म्हणाली, मामासमोर आपल्या भाषेत बोल की रे, त्यांना काय कळणार? मारुती तिच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा काही बोलला नाही. मामानं त्याचा दंड धरला आणि ते गेले.

मामाला कळू नये म्हणूनच तो कन्नडमध्ये बोलला होता.

संध्याकाळी अक्काला मांडणीत त्याचं ताट दिसलं. घरी जाणाऱ्या मुलानं ताट न्यायचं असतं. पोरगं गडबडीत विसरलं असं वाटून ती ताट घेऊन ऑटोने बसस्टँडला धावली. ह्या फलाटावरून त्या फलाटावर विचारत फिरली. गाडी कधीच गेली होती. परत आल्यावर ती ताट मांडीवर घेऊन बसली, आणि तेव्हा लोकेशनं तिला सांगितलं, जे मारुतीनं मोडक्या कन्नडमध्ये फक्त त्यालाच सांगितलं होतं. तो वीटभट्टीवरून पळून आला होता. पोटरी तिथेच भाजली होती. भट्टीवरचा मुकादम पांढरी टोपी घालायचा.

"मला आधी कळलं असतं की हाच तो," लोकेश म्हणाला, "तर मी जिन्यावरून ओरडलो असतो ना, मिस?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग त्यानं ऑटो सुरू केली आणि मला घरी सोडलं.

पोलिसांत तक्रार झाली. दाखल्यावरच्या गावी तशा नावाचं कुणी नव्हतं. शिक्का बनावट निघाला. संस्थेनं चौकशी केली आणि अक्काची चूक नव्हे असा निर्वाळा दिला. अक्कानं तो ऐकून घेतला आणि कुकर लावायला गेली. त्या दिवसापासून, मी ऐकलेलं ते भाजल्याचं ओरडणं सोडलं तर, तिच्या तोंडून मराठी शब्द कुणी ऐकला नाही. शपथ घेतली, कुणाला सांगितलं, असलं काही नाही. बोलणं बंद झालं, इतकंच. आपल्या भाषेत गोड बोलणाऱ्याला ती भुलली होती, आणि त्याची शिक्षा तिनं त्या माणसाला देता येईना म्हणून भाषेला दिली, असं मला वाटतं. स्वतःला तर दिलीच.

दर वर्षी संक्रांतीनंतर, भट्ट्या जोरात असतात तेव्हा, ती रजा काढून निपाणी-कोल्हापूरकडे जायची. कापडी पिशवी, दोन लुगडी आणि मारुतीचं ताट. भट्ट्यांवर जाऊन उभी राहायची. हाकलून दिलं की पुढच्या भट्टीवर. तिकडच्या पोलिसांना एका भट्टीवरची लहान मुलं तिच्यामुळे सापडली, सोडवलीही. त्यात मारुती नव्हता. परत आली की ती ताट घासून वर ठेवायची आणि मुलांची नखं बघायला बसायची. एकदा मी धीर करून म्हटलं, अक्का, आता तो मोठा झाला असेल, तुम्ही ओळखाल का? ती कन्नडमध्ये म्हणाली, "मिशी आली असेल. पोटरीवरचा डाग कुठे जातोय?"

मराठी ती बोलत नसली तरी कान उघडे होते. व्हरांड्यात उभी राहून मी आईशी फोनवर बोलत होते, इथलं गोडसर सांबार खाऊन कंटाळा आला, झुणका-भाकरी मिळाली तर जीव टाकीन, वगैरे. पुढच्या शनिवारी माझ्यासमोर एक झाकलेलं ताट आलं. ज्वारीची भाकरी, झुणका, वर कच्च्या तेलाची धार आणि फोडलेला कांदा. मी अक्काकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऊटा माडी, मिस." जेवा. मी जेवले. झुणका अप्रतिम होता, आणि तो तिनं शेवटचा कुणासाठी केला होता हे मला भाकरी मोडतानाच आठवलं.

तिला नीट मराठी बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं ते ओंकारच्या वेळी. येलहंका स्टेशनवर सापडलेला, सहा-सात वर्षांचा मराठी मुलगा. मला दुभाषी म्हणून बोलावलं. मी अर्धी रजा टाकून गेले, गोड आवाज काढून विचारत राहिले, "बाळा, तुझं नाव काय? घरी कोण कोण असतं?" आणि बाळ माझ्या पुणेरी मराठीकडे दगडासारखं बघत राहिलं. अक्का आमच्याकडे पाठ करून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. काही दिवसांनी त्यानं आपणहून नाव सांगितलं, त्याचं ताट आलं, मग त्याचा पत्ता लागला आणि त्याची आजी आली. बरोबर त्याच्या गावाकडचे हवालदार, सगळे कागद, ओंकारचे लहानपणचे फोटो. म्हातारी दारातच मटकन बसली आणि रडायला लागली. समितीच्या बाईंचे डोळे भरले, माझे भरले. सह्या झाल्या, आता फक्त न्यायचं.

अक्कानं ओंकारचा हात धरला, त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि आतून कडी लावली. मी दाराबाहेरच होते. आतून आवाज आला, घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"हे बघ बाळा, हिकडं बघ. ती तुजी आजी हाय न्हवं? खरं सांग. भ्यायचं न्हाई. तुला जायाचं नसलं तर बोलू नगो, नुस्ती मान हलीव. मी कुणाला न्हेऊ देत न्हाई. पोलिसाला पण देत न्हाई. मी सांगतो तसं कर."

निपाणीकडच्या बायका 'मी सांगतो', 'मी आलो' असंच म्हणतात. इतक्या वर्षांनी बाहेर आलेली तिची भाषा जशीच्या तशी होती.

मग ओंकारचा बारीक आवाज, "जायाचंय मला. आजी हाय माजी."

"तुजं ताट घेतलास?"

"घेतलं."

"घट धर. हातात धर."

कडी निघाली. बाहेर येऊन अक्का समितीच्या बाईंना म्हणाली, "सरी. कळसी." ठीक, पाठवा. ओंकार छातीशी ताट धरून आजीबरोबर निघाला. गल्लीच्या टोकाशी त्यानं वळून पाहिलं, आणि अक्का दारात उभी राहून पाहत राहिली, तो दिसेनासा झाल्यानंतरसुद्धा. मग तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "त्या वेळी एवढंच करायचं होतं." हे तिनं कन्नडमध्ये म्हटलं.

पुढच्या वर्षी तिची मूत्रपिंडं थकली. भट्ट्यांवर जाणं बंद झालं. घरात नवीन गृहमाता आली, शिकलेली, चांगली मुलगी. अक्कानं तिला तीन गोष्टी शिकवल्या: चपला वाजवत चालायचं, कुणी न्यायला आलं की मुलाला आधी एकट्याला विचारायचं, दार लावून, त्याला हव्या त्या भाषेत, आणि वरच्या फळीवरचं ताट रोज घासायचं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळी. जनरल वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. अंबाड्याची बारीक वेणी झाली होती आणि गळ्यातलं नेलकटर काढून कुणीतरी उशाशी ठेवलं होतं. लोकेश स्टुलावर बसून तिच्या हाताची नखं कापत होता. ताप उतरत नव्हता, माणसं ओळखू येत नव्हती. मी मोसंबी आणली होती. ती कुठे ठेवावी ते न कळून मी तशीच पिशवी धरून उभी राहिले.

अक्कानं डोळे उघडले. तिची नजर लोकेशच्या चेहऱ्यावर फिरली आणि त्याच्या मिशीवर थांबली. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"मारुती," ती म्हणाली. "बोल की रे. गप का बसलास? कुटल्याबी भाषेत बोल. मी ऐकूलालोय."

लोकेशला मराठी येत नाही. एक 'मारुती' तेवढं त्याला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत, मिस?"

मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं. माझं कन्नड अजूनही मोडकंच आहे. पण ह्याच्यासाठी फार शब्द लागत नव्हते. लोकेशनं मान खाली घातली. मिशीवाला बाप्या, दोन मिनिटं त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं डोळे पुसले, खाटेवर वाकला आणि तिच्या कानाशी, लहान मुलाच्या आवाजात, जिन्यावरून ऐकलेले ते शब्द जसेच्या तसे म्हणाला.

"बेड अक्का. नानु होगल्ला."

अक्कानं लक्ष देऊन ऐकलं. तिची पकड सैल झाली. तिनं त्याच्या हातावर दोनदा थोपटलं.

"सरी," ती म्हणाली. "नगो जाऊस मग. हितंच ऱ्हा. ताट हाय तुजं."